थेंबाचें मूळ

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यानें केली त्याच्या काळीं मोटारसायकल नव्हती, हें उघड आहे. ती असती, तर त्यानें लागलीच पुस्ती जोडली असती कीं, फटफटीखालीं पडलेल्या थेंबाचें मूळ मात्र अवश्य शोधावें, आणि तें आजच शोधावें. उद्यांवर टाकूं नये.

श्रोतेहो, शाळेंत व्याकरण आणि अंकगणित शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यानें इंजिनाविषयीं बोलावें याचें आपणांस नवल वाटेल. परंतु आजचा प्रश्न पान्याचा नसून पाहण्याचा आहे. गळणारी गाडी दुरुस्त करणें हें मिस्त्रींचें काम. पण ती काय गळते, कोठून गळते आणि केव्हां गळते, हें पाहून ठेवणें हें घरधन्याचें काम आहे. हें दुसरें काम नीट झालें नाहीं, तर पहिल्यांत पैसा जातो, वेळ जातो, आणि कधीं कधीं त्याहून मोलाची वस्तु जाते.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर — या जिल्ह्याचें नांव १९८१ पर्यंत कुलाबा होतें — आपण मांडव्यापासून निघून अलिबाग, नागांव, चौल, रेवदंडा, मुरूड असे दक्षिणेकडे जा, किंवा आगरदांड्यास फेरीबोटींत गाडी चढवून दिघीस उतरा आणि दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर पाहा. कोणत्याहि वाडींत शिरलें तरी नारळी-पोफळींच्या सावलींत, पडवीच्या कडेला, एक तरी मोटारसायकल उभी दिसेल. मासळीची पाटी, शहाळ्यांचा घड, दुधाची किटली, परीक्षेस निघालेला मुलगा, तापानें फणफणलेलें पोर, हीं सर्व तिच्याच पाठीवरून जातात. मार्च २०२० मध्यें भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत रो-रो बोट सुरू झाल्यावर मुंबईची गाडीहि तासाभरांत आमच्या अंगणांत येऊं लागली. तेव्हां हा विषय केवळ खेड्याचा आहे, असें शहरांतल्या श्रोत्यांनीं समजूं नये. इमारतीच्या तळमजल्यावरचा डाग आणि सारवलेल्या अंगणांतला डाग यांची जात एकच.

सकाळीं गाडी बाहेर काढावी आणि तिच्या जागीं रुपयाएवढा ओला डाग दिसावा, हा अनुभव सर्वांनाच आहे. त्यावर बहुतेकांची प्रतिक्रिया दोहोंपैकीं एक असते. एक पक्ष म्हणतो, "गळतें थोडें, चालायचेंच." दुसरा पक्ष लगेच पाना घेऊन जो बोल्ट हाताशीं येईल तो आवळतो. पहिला आळस आणि दुसरी घाई. दोहोंचें फळ सारखेंच वाईट.

"थोडें गळतें" म्हणजे किती, याचा एकदां हिशेब करूं. पाण्याचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. मिनिटास एक थेंब पडला तर दिवसाच्या १,४४० मिनिटांत बहात्तर मिलिलिटर होतात. तेलाचा थेंब पाण्याच्या थेंबाहून लहान असतो, म्हणून निम्मेच धरूं. तरी रोजचे छत्तीस मिलिलिटर झाले. आपल्या नेहमींच्या लहान मोटारसायकलींच्या इंजिनांत तेल असतें लिटरभर किंवा त्याहून थोडें कमी. म्हणजे मिनिटास एक थेंब, जो डोळ्यांस क्षुल्लक वाटतो, तो महिन्याभरांत इंजिन कोरडें करील. आणि कोरडें इंजिन कुरकुरून आगाऊ सूचना देतेंच असें नाहीं. तें एखाद्या चढावर एकाएकीं जाम होतें.

आतां शोधास आरंभ करूं. पहिला प्रश्न असा कीं, हें गळणें खरोखर गळणेंच आहे काय? पावसाळ्यांत गाडीच्या सीटखालीं, चेसिसच्या नळ्यांत आणि एअर फिल्टरच्या डब्याखालच्या बारीक नळींत पाणी सांचतें व तासन् तास ठिबकतें. गाडी धुतल्यावरहि तेंच होतें. सकाळीं इंजिन सुरू केल्यावर सायलेन्सरच्या तोंडांतून किंवा त्याच्या पोटाशीं मुद्दाम ठेवलेल्या छिद्रांतून पाणी पडलें तर पुष्कळ लोक घाबरतात. त्यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. पेट्रोल जळतें तेव्हां त्यांतील हायड्रोजनाचें हवेंतील प्राणवायूशीं मीलन होऊन पाणी तयार होतें. एक लिटर पेट्रोल जळालें कीं जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपानें बाहेर पडतें. सायलेन्सर थंड असतां त्या वाफेचें पाणी होतें, आणि तो तापला कीं तें दिसेनासें होतें. तेव्हां पहिल्या पांच मिनिटांतलें स्वच्छ, वासहीन पाणी हें दुखणें नव्हे; तो गाडीचा घाम आहे.

पाणी नाहीं अशी खात्री झाली, म्हणजे दुसरा प्रश्न: मग काय आहे? यासाठीं रात्रीं गाडीखालीं एक पांढरा पुठ्ठा किंवा जुन्या दिनदर्शिकेचें कोरें पान पसरावें आणि वाऱ्यानें उडूं नये म्हणून कडांवर खडे ठेवावे. त्यावर पुढच्या व मागच्या चाकाच्या जागा आणि स्टँडची जागा पेन्सिलीनें आंखून ठेवावी. सकाळीं हा कागद म्हणजे आपल्या खटल्यांतला पहिला साक्षीदार. फरशीवर, मातींत किंवा शेणाच्या सारवणावर सर्व डाग काळेच दिसतात. पांढऱ्या कागदावर त्यांचे खरे रंग उघडे पडतात.

मोटारसायकलींत वाहणारे पदार्थ मोजकेच आहेत. इंजिनाचें तेल नवें असतां मधासारखें पिवळसर आणि वापरलेलें असतां काळपट तपकिरी असतें; बोटांस चिकट लागतें आणि कागदावर त्याचा पारदर्शक, पसरत जाणारा डाग पडतो. पुढच्या शॉकअपमधील तेल त्याहून फिकट व पातळ असतें आणि तें जमिनीवर दिसण्यापूर्वीं शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर ओल्या कड्याच्या रूपानें दिसतें. चेनचें वंगण दाट, काळें आणि रेतीनें भरलेलें असतें; तें गळत नाहीं, उडतें; त्याचे शिंतोडे मागच्या चाकावर आढळतात. ब्रेकमधील द्रव जवळजवळ रंगहीन किंवा फिकट पिवळा, बोटास निसरडा पण तेलासारखा ओशट नसलेला असतो, आणि गाडीच्या रंगावर पडल्यास रंग फुगवून सोलून काढतो. ज्या गाड्यांत इंजिन थंड ठेवण्यासाठीं पाण्याची योजना असते, त्यांतील द्रव हिरवा, निळा अथवा गुलाबी रंगविलेला असतो व त्यास गोडसर वास येतो. जुन्या पद्धतीच्या बॅटरींतील आम्ल पाण्यासारखें दिसतें. पण कापडास भोकें पाडतें आणि खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकतांच फसफसतें. राहिलें पेट्रोल, तें डाग ठेवीत नाहीं, वास ठेवतें.

रंगावरून निर्णय होत नसेल तर एका जुन्या वाटींत पाणी घेऊन त्यांत संशयित पदार्थाचा थेंब सोडावा. इंजिनाचें तेल तवंग धरून वर राहतें. ब्रेकचा द्रव आणि इंजिन थंड ठेवणारा द्रव पाण्यांत मिसळून जातात. पेट्रोल इंद्रधनुष्याचे रंग दाखवीत तरंगतें आणि थोड्या वेळानें उडून जातें. ही वाटी पुन्हां स्वयंपाकघरांत जाऊं देऊं नये. चव घेऊन तर कांहींहि ओळखूं नये. तो गोडसर वासाचा द्रव विषारी आहे, आणि कुत्रीं-मांजरें तो चाटून मरतात. ज्या अंगणांत रांगतें मूल आहे, तेथें असा डाग दिसतांच आधीं तो पुसावा व धुवावा, मग कारण शोधावें.

पेट्रोलाविषयीं मात्र शोधाचा क्रम बदलावा लागतो. येथें आधीं बंदोबस्त, मग चौकशी. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असते. ती वर उडून न जातां जमिनीलगत पसरते आणि खोलगट, बंद जागेंत सांचून राहते. आमच्याकडे गाडी पडवींत असते, पडवीला लागून माजघर, आणि सांजवेळीं माजघरांत समई किंवा तुळशीपाशीं निरांजन. दिवा चार हात दूर आहे म्हणून निर्धास्त राहूं नये. वाफ त्याच्याकडे आपण होऊन चालत जाते. पेट्रोलाचा वास आला कीं दिवा, विडी, चूल विझवावी, विजेचें बटणहि दाबूं नये, इंजिन सुरू न करतां गाडी ढकलून मोकळ्यावर न्यावी आणि दारें उघडावींत. यांत भित्रेपणा कांहीं नाहीं.

त्यानंतर जुन्या गाडीचा पेट्रोलचा कॉक बंद करून पाहावें. ठिबकणें थांबलें तर दोष कॉकच्या पुढें आहे. न थांबलें तर कॉकमध्यें किंवा टाकींत आहे. पुढचा दोष बहुधा कार्बोरेटरांत असतो. त्यांत एक लहान वाटी असते, वाटींत तरंगणारा फ्लोट असतो, आणि वाटी भरली कीं तो फ्लोट एका सुईनें पेट्रोलाचें तोंड बंद करतो. घरावरील पाण्याच्या टाकींतील तरंगता गोळा हेंच काम करतो. त्या सुईच्या टोकाशीं कचऱ्याचा एक कण अडकला कीं वाटी भरून वाहूं लागते, आणि जादा पेट्रोल खालच्या नळींतून जमिनीवर पडतें. कित्येकदां तें जमिनीवर न पडतां इंजिनांत उतरतें व तेलांत मिसळतें. म्हणून तेलाची पातळी घटण्याऐवजीं वाढलेली दिसली आणि तेलाच्या काडीला पेट्रोलाचा वास आला, तर इंजिन सुरूच करूं नये. पातळ झालेलें तें तेल वंगणाचें काम करीत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर नव्या गाड्यांतून बहुतेक ठिकाणीं कार्बोरेटर गेला आणि पंपाच्या दाबानें पेट्रोल देणारी योजना आली. तेथें दाब असल्यानें बारीक चीरहि धार सोडूं शकते. म्हणून तसल्या गाडीची नळी घरीं उघडूं नये.

पदार्थ कळला. आतां तिसरा आणि खरा अवघड प्रश्न: तो कोठून येतो? येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. थेंब जेथें पडतो तेथें गळती असतेच असें नाहीं. कौलारू घराचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हें सांगावयास नको. कौल फुटलेलें असतें आढ्यापाशीं आणि पाणी पडतें देवघरांत. मधला प्रवास तें वांशावरून करतें. गाडींतील तेलहि असेंच धातूला चिकटून खालीं उतरतें, एखाद्या बोल्टाच्या टोकाशीं जमतें आणि तेथून पडतें. तो बोल्ट बिचारा निरपराध असतो. तो केवळ सर्वांत खालीं असतो. त्यांत आणखी दोन फसवणुकी आहेत. गाडी चालतांना समोरचा वारा तेल मागें ढकलतो, म्हणून मूळ बहुधा डागाच्या वर आणि पुढें असतें. आणि बाजूच्या स्टँडवर गाडी डावीकडे कलते, म्हणून उजवीकडची गळतीहि पुष्कळदां डावीकडची वाटते. एक रात्र बाजूच्या स्टँडवर आणि एक रात्र मधल्या, दुहेरी स्टँडवर गाडी ठेवून दोन कागद ताडून पाहिले, तर ही दुसरी फसवणूक टळते.

मूळ शोधण्यापूर्वीं सर्व जागा स्वच्छ करणें हा या शास्त्रांतील पहिला नियम आहे. या नियमाचें एक थोर उदाहरण आमच्या अलिबागेसच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें घेतलीं जात असत. पुढें मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरलें. विजेच्या प्रवाहानें सूक्ष्म चुंबकसूची हलणार; मग ती पृथ्वीमुळें हलली कीं ट्रामगाडीमुळें, हें कसें ओळखावें? त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांनीं ट्राम विजेवर धांवण्यापूर्वींच अलिबागेस नवी वेधशाळा उभारविली. तिच्या बांधकामास चुंबकीय गुण नसलेलें साहित्य निवडलें. आणि १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मापें घेऊन तीं ताडून पाहिलीं. मुंबईंत विजेची ट्राम १९०७ सालीं सुरू झाली. तोंवर अलिबागेचें काम पक्कें झालें होतें. ती वेधशाळा आजहि चालू आहे. आपल्या मोटारसायकलीच्या पोटावर सांचलेलें वर्षभराचें तेल, चिखल आणि रेती ही आपली ट्रामगाडी होय. ती दूर केल्याशिवाय केलेलें निरीक्षण व्यर्थ.

म्हणून इंजिन थंड असतां केरोसिनांत भिजविलेल्या ब्रशानें किंवा साबणाच्या पाण्यानें खालचा भाग घासावा, गोड्या पाण्यानें धुवावा आणि फडक्यानें कोरडा करावा. केरोसिन वापरल्यास तें पूर्ण उडून जाईपर्यंत इंजिन सुरू करूं नये. मग कोरड्या धातूवर शंखजिऱ्याची पूड, म्हणजे आपली अंगाला लावण्याची पावडर, हलक्या हातानें भुरभुरावी. पांढऱ्या पुडीवर तेलाची रेघ काळी उमटते, आणि ती रेघ वर जेथें सुरू होते तेथें मूळ असतें. पाहणी तीनदां करावी: इंजिन थंड असतां, तें जागेवर पांच मिनिटें चालवून, आणि आठ-दहा किलोमीटर जाऊन आल्यावर. कांहीं गळत्या उभ्या गाडींत दिसतात, कांहीं फक्त तेल तापून पातळ झाल्यावर.

याचें एक उदाहरण सांगतों. माझा भाचा रेवदंड्याजवळून रोज अलिबागेस नोकरीसाठीं जातो. त्याच्या गाडीखालीं डाव्या अंगाला रोज डाग पडूं लागला. तेल सोडण्याचा खालचा बोल्ट ओला दिसला, म्हणून एका गॅरेजांत तो आवळला, डाग राहिला. दुसऱ्या खेपेस त्याचा वॉशर बदलून तो आणखी आवळला, डाग राहिलाच. आवळून आवळून आटे सुटण्याची वेळ आली. तिसऱ्या खेपेस सल्ला मिळाला कीं, इंजिन उघडावें लागेल. हा खर्च दोन-तीन महिन्यांच्या शिलकीएवढा होता, आणि त्याच्या घरीं तेव्हां बहिणीचें शिक्षण चाललें होतें. भाचा म्हणाला, "मामा, गाडी विकून टाकतों, एस.टी.नें जाईन." मी त्याला म्हटलें, "विकण्यापूर्वीं दोन दिवस मला दे."

आम्हीं गाडी धुतली, वाळविली, पूड भुरभुरली आणि खालीं कागद घातला. पहिल्या रात्रीं कागद कोरा! भाचा हंसूं लागला कीं गाडी भिऊन बरी झाली. पण त्या दिवशीं ती चालविलीच नव्हती. दुसऱ्या दिवशीं तो चौलापर्यंत जाऊन आला, आणि आम्हीं बॅटरीचा उजेड टाकून पाहिलें. खालच्या बोल्टाभोंवतीं पूड ओली होती. परंतु त्या ओलीची रेघ मागून, वरून येत होती. ती धरून वर गेलों तों डाव्या बाजूच्या पुढच्या चेनचक्राच्या झांकणाखालीं पोंचलों. झांकण काढलें. आंत रेती, लाल माती आणि वंगण यांचा मुठीएवढा गोळा. हा चेनच्या वंगणाचाच ओघळ असेल काय? असूं शकेल, म्हणून गोळा काढून, सर्व पुसून, पुन्हां पूड लावली आणि पुन्हां एक फेरी केली. या वेळीं चक्राच्या दांड्याभोंवतीं, जेथें तो इंजिनांतून बाहेर येतो तेथें, पातळ तपकिरी तेलाचें कडें उमटलें. चेनचें वंगण असें पातळ नसतें. म्हणजे दांड्याभोंवतींचें रबरी सील गेलें होतें. बोल्ट निर्दोष होता, आणि इंजिनाचें पोटहि निर्दोष होतें.

सील कां गेलें, हाहि प्रश्न तितकाच महत्त्वाचा; नाहीं तर नवेंहि सहा महिन्यांत जातें. चेन बोटानें दाबून पाहिली तर तारेसारखी ताठ. आवाज येऊं नये म्हणून ती वाजवीपेक्षां जास्त ओढली होती. ताठ चेन त्या दांड्यास सतत मागें खेचते, त्याच्या बेअरिंगवर भार पडतो आणि सील एका अंगानें झिजतें. त्यांत रेतीचा गोळा कानसीचें काम करतो. भाच्यानें ही सर्व हकीकत एका कागदावर लिहून मिस्त्रींना दाखविली. मिस्त्रींनीं इंजिन न उघडतां बाहेरून सील बदललें, चेन पुस्तकांत सांगितली आहे तेवढी सैल ठेवली, आणि अर्ध्या तासांत काम संपलें. त्या सीलाची किंमत चारजणांच्या चहा-फराळाएवढी होती. परंतु मला त्या वेळीं खर्चापेक्षां दुसरीच गोष्ट दिसत होती. त्या झांकणापासून मागचें चाक हातभर अंतरावर आहे. तेल वाढून वाऱ्याबरोबर त्या चाकाच्या रबरावर गेलें असतें, तर एखाद्या ओल्या वळणावर काय झालें असतें, हें सांगण्याची जरूर नाहीं.

किनाऱ्यावरील गाडीच्या कांहीं खास खोडी आहेत. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यांत सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार असतात, आणि लाटेचे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर तो क्षार वाडीपर्यंत आणतात. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर तो बसला कीं तेथें गंजाचे टांचणीच्या टोंकाएवढे खड्डे पडतात. दांडा वर-खालीं होतांना त्या खड्ड्यांच्या कडा रबरी सीलाला किसून काढतात. मग लोक सील बदलतात, चार महिन्यांनीं तें पुन्हां गळतें, आणि दोष सीलाच्या माथीं बसतो. दांड्यावरून नख फिरवून पाहावें; नख अडकलें तर दांड्याचाहि विचार करावा लागतो. पुढच्या चाकास चकतीचा ब्रेक असेल, तर हें तेल ओघळत त्या चकतीवर जातें, आणि ब्रेक दाबूनहि गाडी थांबत नाहीं. भरती-ओहोटीच्या ओल्या रेतींतून गाडी पळविण्याचा तरुणांना मोठा षोक आहे. तो त्यांनीं सोडावा हें उत्तम. न सोडतील तर निदान त्याच संध्याकाळीं गोड्या पाण्यानें गाडी धुवावी व दांडे पुसून कोरडे करावे. धुतांना पाण्याचा जोरदार फवारा सीलांवर आणि बेअरिंगांवर रोखूं नये. त्यानें क्षार बाहेर येण्याऐवजीं आंत जातो.

दुसरी गोष्ट रबराची. ऊन, उष्णता आणि वय यांनीं रबर कडक होतें व चिरतें. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी दसऱ्यास बाहेर काढली कीं गळूं लागते ती याचमुळें. शिवाय अलीकडे पेट्रोलांत मद्यार्क मिसळतात; २०२५ सालापर्यंत त्याचें प्रमाण शेंकडा वीसपर्यंत गेलें. मद्यार्क हवेंतील ओल शोषतो, आणि त्यासाठीं न बनविलेल्या जुन्या गाड्यांतील रबरी नळ्यांस तो मानवत नाहीं. म्हणून जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या वर्षांतून एकदां बोटांनीं वांकवून पाहाव्या. चिरा दिसल्या तर गळण्याची वाट न पाहतां बदलाव्या.

आतां कोणत्या स्थितींत गाडी मुळींच चालवूं नये, तें सांगतों. पेट्रोल गळत असेल तर चालवूं नये. ब्रेकचा द्रव गळत असेल, किंवा ब्रेकचा दांडा नेहमींपेक्षां मऊ लागत असेल, तर चालवूं नये. तो द्रव हवेंतील ओल शोषून बिघडतो, म्हणून उरलेल्या जुन्या बाटलींतून त्यांत भरहि घालूं नये. टायरावर किंवा ब्रेकच्या चकतीवर तेल दिसलें तर चालवूं नये. तेलाची पातळी खालच्या खुणेच्या खालीं असेल तर चालवूं नये. पाण्यानें थंड होणाऱ्या गाडीचें झांकण इंजिन गरम असतां उघडूं नये. आंतलें पाणी दाबाखालीं असतें व उसळून तोंड भाजतें. याउलट, टॅपेटच्या झांकणापाशीं नुसता ओलावा असून थेंब पडत नसेल, तर पातळीवर नजर ठेवून गॅरेजपर्यंत जाण्यास हरकत नाहीं. आणि नुकतेंच तेल बदललें असतां एअर फिल्टरच्या डब्यांत तेल आलें, तर आधीं पातळी पाहावी. पुष्कळदां जास्त भरलेलें तेलच श्वासनळीच्या वाटेनें बाहेर येतें, आणि जास्तीचें काढलें कीं दुखणें संपतें.

मिस्त्रींकडे जातांना निदान घेऊन जाऊं नये. निरीक्षण घेऊन जावें. "सील गेलें आहे, बदला," असें म्हणणारें गिऱ्हाईक आणि "पोटांत दुखतें, अमुक गोळी द्या," असें म्हणणारा रोगी सारखेच. त्याऐवजीं सांगावें: द्रव असा आहे, इतका पडतो, गाडी चालविल्यावरच पडतो, ओल अमुक जागेपासून सुरू होते, आणि अमुक महिन्यांत अमुक काम केलें होतें. आमच्या किनाऱ्यावर असे मिस्त्री आहेत कीं, ज्यांनीं शाळा लवकर सोडली, पण ज्यांचे कान इंजिनाचा आवाज वैद्यानें नाडी ओळखावी तसा ओळखतात. त्यांना खरी हकीकत मिळाली तर ते क्वचितच चुकतात.

शेवटीं, काढलेल्या तेलाचें काय करावें? तें अंगणाच्या कोपऱ्यांत, माडाच्या आळ्यांत किंवा गटारांत कधींहि ओतूं नये. किनाऱ्यावरच्या वाड्यांत विहीर अंगणांतच असते, जमीन रेताड असते, आणि गोडें पाणी थोड्या खोलीवर, खाऱ्या पाण्याच्या शेजारीं, जेमतेम टिकून असतें. रेतींतून तेल झिरपावयास वेळ लागत नाहीं. जुनें तेल बाटलींत भरून, झांकण घट्ट लावून गॅरेजांत परत द्यावें. तें गोळा करून शुद्ध करणारे धंदे आहेत. फरशीवरच्या डागावर कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा पसरून तें शोषून घ्यावें. पाण्याच्या बादलीनें तो डाग विहिरीकडे ढकलूं नये.

विजेच्या गाड्या आल्यावर हा सर्व खटाटोप संपेल, असें कोणी म्हणेल. इंजिनाचें तेल आणि पेट्रोल तेवढें संपेल. पण चाकें थांबविणारा द्रव आणि शॉकअपचें तेल त्या गाड्यांतहि आहेच, आणि समुद्राची हवा कोणत्याच गाडीवर दया करीत नाहीं. तेव्हां श्रोतेहो, आज रात्रीं निजण्यापूर्वीं आपल्या गाडीखालीं एक पांढरा कागद पसरून ठेवा. सकाळीं तो कोरा निघाला तर समाधानानें चहा घ्या. डाग निघाला तर पान्याला हात लावूं नका. आधीं त्या थेंबाला त्याचें नांव आणि गांव विचारा.